मुलगा एकटाच बोलतोय? वाट पाहू नका!

पालकहो, शिक्षकहो, वसतिगृहांच्या रेक्टरांनो आणि गावोगावच्या आशाताईंनो,

हे आवाहन सायकोसिसबद्दल आहे. या आजारात खरं काय आणि भास कोणता, हे माणसाला कळेनासं होतं. नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्या मागावर आहे अशी खात्रीच पटते. शंभरातल्या साधारण तिघांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो आणि तो बहुतेकदा ऐन तारुण्यात सुरू होतो. त्यावर उपचार आहेत, जिल्हा रुग्णालयातही मिळतात. तरीही घराघरांत महिने, कधी कधी वर्षं वाया जातात. ती वाया जाऊ देऊ नका.

आजार एका दिवसात उघडा पडत नाही. अभ्यासात चांगला असलेला मुलगा कॉलेजला जाईनासा होतो. रात्र रात्र जागतो, आंघोळ टाळतो, मित्रांचे फोन घेत नाही. खिडक्या लावून घेतो, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतो. आईनं वाढलेलं ताट पुढे सरकवून म्हणतो, "आधी तू खा." घरच्यांना वाटतं, परीक्षेचं टेन्शन असेल, प्रेमभंग असेल, नाहीतर बाहेरची बाधा. मग अंगारे, उतारे, देवऋषी. जोडीला नातेवाइकांचा सल्ला असतोच, "लग्न लावून द्या, सुधारेल." लग्नानं हा आजार बरा होत नाही, उलट आणखी एक जीव संकटात सापडतो.

उशिराची किंमत काय, हे नॉर्वेतल्या रोगालँड भागानं दाखवून दिलं. 1997 पासून तिथं वर्तमानपत्रं, रेडिओ आणि शाळांमधून सायकोसिसची लक्षणं लोकांना सांगितली गेली आणि तपासणीसाठी झटपट मदत देणारी पथकं उभी केली. पूर्वी उपचार सुरू व्हायला मध्यकानुसार (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) 26 आठवडे लागत, ते 5 आठवड्यांवर आले. दहा वर्षांनी पाहिलं, तेव्हा लवकर शोध घेणाऱ्या भागात सुमारे 31 टक्के रुग्ण पूर्ण सावरलेले होते, तर अशी सोय नसलेल्या भागांत सुमारे 15 टक्के. प्रचार थांबला, तसा उशीर पुन्हा वाढून 15 आठवड्यांवर गेला. म्हणजे हे ज्ञान लोकांपर्यंत सतत पोहोचत राहावं लागतं. म्हणूनच ही कळकळीची विनंती.

संशय आला की त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. देवावर श्रद्धा असेल तर नवस जरूर बोला, पण त्यासाठी दवाखाना लांबवू नका. झोप कधीपासून उडाली, काय बोलतो, गांजा किंवा दुसरी नशा आहे का, हे तारखेनिशी लिहून न्या. ताप येऊन अचानक भ्रम झाला, फिट आली किंवा बाळंतिणीला पहिल्या काही आठवड्यांत असा त्रास सुरू झाला, तर तासभरही थांबू नका.

त्याच्या भासांवरून वाद घालू नका, त्यांना होकारही देऊ नका. "मला तो आवाज येत नाही, पण तुला किती त्रास होतोय ते दिसतंय. निदान झोपेसाठी तरी डॉक्टरांकडे जाऊ," असं म्हणा. आजारी आहे हेच त्याला पटत नसतं. झोपेचा त्रास मात्र बहुधा पटतो.

मरणाची भाषा केली तर एकटं सोडू नका. या आजाराच्या सुरुवातीच्या काळात आत्महत्येचा धोका मोठा असतो. लगेच रुग्णालय गाठा किंवा 112 ला फोन करा.

बांधून ठेवू नका. मानसिक रुग्णाला साखळदंडानं बांधायला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे. सुनेला हा त्रास झाला, तर माहेरी धाडून हात झटकू नका; तिचेही उपचार करा.

बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका. पहिल्या खेपेनंतर लक्षणं गेली तरी डॉक्टर बहुधा वर्ष-दोन वर्षं औषध चालू ठेवायला सांगतात. मधेच सोडलं तर आजार उलटण्याचा धोका फार वाढतो. वजन वाढतंय, सुस्ती येते, हात थरथरतात, अशा तक्रारी डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं.

गोळीनं आवाज थांबतात, पण आयुष्य रुळावर यायला माणसं लागतात. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत स्किझोफ्रेनिया (सायकोसिसचा एक प्रकार) असलेल्या रुग्णांना स्थानिक प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आधार दिला. केवळ दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा त्यांच्यात थोडी अधिक सुधारणा झाल्याचं 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आपल्याकडे मानसिक आरोग्याच्या चळवळीत रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. स्वमदत गटांत असे अनेक शुभार्थी भेटतात, जे पुन्हा शिकले, नोकरीला लागले, घर सांभाळू लागले. त्यांना टोमणे आणि सततची टीका नको असते. शांत घर, वेळेवर झोप आणि झेपेल तेवढं काम हवं असतं. कॉलेजांनो, एक सत्र बुडालं म्हणून प्रवेश रद्द करू नका. मालकांनो, रजेवरून परतलेल्याची खुर्ची राखून ठेवा.

कुठं जायचं, हे कळत नसेल तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक फिरवा. फोन मोफत आहे, सेवा चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. घरात, शेजारी, वर्गात असं कुणी असेल, तर हा फोन आजच करा.