हातोहात गेलेली फाईल आणि हरवलेली पुष्पिका

कोलकात्यात भारतीय भाषांच्या अभ्यासकांचे एखादे चर्चासत्र भरले की चहाच्या सुटीत एक दृश्य हटकून दिसते. दोन प्राध्यापक खिडकीपाशी उभे असतात, दोघांच्याही हातांत आपापला मोबाइल असतो आणि एकजण दुसऱ्यास विचारीत असतो, ‘तुमचं नाव दिसत नाही हो माझ्याकडे, ब्लूटूथ चालू आहे ना?’ थोडा वेळ दोघे पडद्यावर बोटे फिरवितात. मग नाव दिसते, समोरचा संमती देतो आणि एका जुन्या मासिकाची शंभर-दोनशे छायाचित्रित पाने चहा निवण्यापूर्वी एका फोनातून दुसऱ्या फोनात जातात. ना तार, ना इंटरनेट, ना ग्रंथालयाची पावती. हा व्यवहार इतका किरकोळ मानला जातो की त्याविषयी चार शब्द लिहावेत असे सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः भारतीय भाषांतील पुष्कळ दुर्मीळ साहित्य आज याच वाटेने फिरते, आणि संहिता-चिकित्सेच्या दृष्टीने ही वाट मुळीच उपेक्षणीय नाही.

तिची यांत्रिक बाजू साधी आहे. दोन्ही उपकरणांत ब्लूटूथ व वाय-फाय ही दोन्ही चालू असावी लागतात, कारण त्यांच्यात कामाची वाटणी झालेली असते. ब्लूटूथला वीज थोडी लागते. जवळपास कोण आहे याचा पुकारा करणे आणि ओळख पटविणे हे त्याचे काम. प्रत्यक्ष फाईल मात्र दोन उपकरणांनी आपापसांत उभारलेल्या वाय-फायच्या थेट जोडणीवरून जाते. म्हणून सभागृहातील इंटरनेट बंद पडले तरी अडत नाही. आपण कोणास दिसावे, केवळ परिचितांस की सर्वांस, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते, आणि बहुतेक अडचणी तेथेच उद्भवतात. चर्चासत्रात प्रथमच भेटलेल्या दोघांचे क्रमांक एकमेकांच्या यादीत नसतात. साहजिकच ‘केवळ परिचित’ अशी मर्यादा घातलेला फोन दुसऱ्यास अदृश्य राहतो. ॲपलच्या फोनात ‘सर्वांस’ ही मुभा २०२२ च्या अखेरीपासून एका वेळी दहा मिनिटांपुरतीच मिळते. अनोळखी माणसांनी नको ती चित्रे पाठविण्याचे प्रकार पाहता ही मर्यादा योग्यच म्हटली पाहिजे.

तारेवाचून भिंतीपलीकडे काही पोहोचविण्याचा प्रयोग या शहरास नवा नाही. १८९४ ते १८९६ या काळात प्रेसिडेन्सी कॉलेजातील जगदीशचंद्र बसूंनी सुमारे ६० गिगाहर्ट्झ इतक्या उच्च कंप्रतेच्या लहरी मधल्या दोन भिंती ओलांडून २३ मीटरांवर पोहोचविल्या, त्यांच्या योगे घंटा वाजविली व बंदुकीची दारू उडविली. २०१२ मध्ये विद्युत् अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या प्रयोगांची विधिवत् नोंद घेतली. पुढे वंगीय साहित्य परिषदेचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या या शास्त्रज्ञास पेटंटाचे वावडे होते. १९०४ मध्ये अमेरिकेत मिळालेले पेटंटही त्यांनी स्नेह्यांच्या आग्रहाखातर घेतले होते. ही गोष्ट आज आठवण्यास कारण आहे. ॲपलची एअरड्रॉप ही सोय २०११ मध्ये आली. गूगलची ‘निअरबाय शेअर’ २०२० मध्ये, व २०२४ पासून ती ‘क्विक शेअर’ या नावाने चालते. कित्येक वर्षे या दोन घराण्यांत रोटीव्यवहारही नव्हता. मधली वाट म्हणून असंख्य भारतीय शेअरइट व झेंडर वापरीत. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲप्समध्ये ही दोन्ही होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल १० फोनांपासून एअरड्रॉपशी देवघेव सुरू केल्याचे जाहीर केले, परंतु सर्वांच्या खिशात तो फोन असतो थोडाच! शेजारी बसलेल्या दोन अभ्यासकांमधील एक हाताचे अंतर बसूंच्या दोन भिंतींपेक्षा दुर्लंघ्य ठरावे, यामागे तंत्राची मर्यादा कमी आणि व्यापाराची इच्छा अधिक आहे.

‘व्हॉट्सॲपवर पाठवा की’, असे कोणी म्हणेल. येथे अभ्यासकाने सावध असावे. निरोपाच्या या साधनांतून छायाचित्र नेहमीच्या रीतीने पाठविले की ते आकसते, आणि चित्रासोबतची तारीख-वेळेची नोंदही गळून पडते. घरगुती छायाचित्राचे त्यामुळे फारसे बिघडत नाही. पण हुगळीच्या पलीकडच्या काठावर, श्रीरामपुरास, विल्यम केरीने १८१० मध्ये छापलेल्या मराठी कोशाचे पान घ्या. त्यातील मराठी शब्द मोडी ठशांत आहेत. मोडी मुळातच ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत उदासीन, अक्षरे एकमेकांना बिलगणारी. त्यातून चित्र आकसले की काना कोणता व शाईचा डाग कोणता हे सांगणे कठीण. थेट उपकरणातून उपकरणात गेलेली फाईल जशीच्या तशी जाते. केरी आणि त्याचे साहाय्यक वैजनाथ पंडित यांच्या श्रमांचा मान राखावयाचा तर ही दुसरी वाट पत्करणे इष्ट.

मात्र जशीच्या तशी गेलेली फाईल म्हणजे विश्वसनीय संहिता नव्हे, आणि प्रस्तुत विवेचनाचा खरा मुद्दा हाच आहे. हस्तलिखितांच्या काळी पोथी एका हातातून दुसऱ्या हातात जाई तेव्हा लेखक शेवटी पुष्पिका लिही: आपले नाव, गाव, शक, तिथी, कधी मूळ पोथी कोणाची तेही. पाठ, कंबर आणि मान मोडून हे लिहिले आहे, जपून ठेवा, अशी विनवणीही तो करी. पाठभेदांचा गुंता सोडविताना संपादकास या नोंदींचा केवढा आधार असतो हे सांगावयास नको. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती नकलांतून शिरलेल्या अशुद्धांमुळेच. आजच्या फोनातून फिरणाऱ्या फाईलला नाव असते ते केवळ कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्यांचे. सखाराम गणेश देउस्करांच्या ‘देशेर कथा’चेच उदाहरण घ्यावे. मराठी वंशाच्या या बंगाली लेखकाचे हे पुस्तक १९०४ मध्ये निघाले, १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. दरम्यान त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. मुखपृष्ठ वगळून काढलेली त्याची छायाचित्रे कोणी हाती दिली, तर ती कोणत्या आवृत्तीची हे घेणाऱ्याने कसे ओळखावे? तो तिसऱ्यास देतो, तिसरा चौथ्यास, आणि चौथा आपल्या प्रबंधात ‘पहिली आवृत्ती’ असे निःशंक लिहून मोकळा होतो.

यावर एक आक्षेप असा की खाजगी देवघेवीस उत्तेजन देण्याऐवजी सार्वजनिक संग्रह उभारावेत. जादवपूर विद्यापीठाने २०१३ मध्ये सिद्ध केलेल्या ‘बिचित्रा’ या रवींद्रसंग्रहात हस्तलिखितांची ४७,५२० आणि मुद्रित साहित्याची ९१,६३७ पाने आहेत. पाठभेद शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याची सोयही आहे. असे काम प्रत्येक भाषेत व्हावे याविषयी दुमत नाही. परंतु रवींद्रनाथांच्या वाट्यास जे आले ते विदर्भातील एखाद्या अल्पायुषी मासिकाच्या वाट्यास नजीकच्या काळात येईल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. संदीप दत्त यांनी १९७८ मध्ये टेमर लेनमधील आपल्या घरी लघुनियतकालिकांचे ग्रंथालय उघडले ते कोणत्याही मोठ्या संस्थेची वाट न पाहता. संग्रहाची सुरुवात बहुधा अशी एकेका हातानेच होते. १९५४ च्या कायद्यान्वये देशातील प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयास द्यावयाची असते. तेव्हा कोलकात्यात बसणाऱ्या मराठी अभ्यासकाने परवानगीने टिपलेले एखादे प्रकरण नागपूरच्या सहकाऱ्यास दिले तर त्यात वावगे काय?

कायद्याचा प्रश्न थोडक्यात असा. १९५७ च्या कायद्याचे ५२ वे कलम खाजगी वापर व संशोधन यांसाठी न्याय्य वापरास मुभा देते. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क टिकतो. रवींद्रनाथांच्या ग्रंथांसाठी ही मुदत ५० वरून वाढविली गेली आणि ते २००१ अखेर मुक्त झाले. हयात कवीचा नवा संग्रह संपूर्ण वाटून टाकणे याला मात्र संशोधन म्हणता येणार नाही, मग ते कितीही जवळच्या फोनात गेले असो.

आणखी एक उपद्रव. टंकलिखित मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटात असेल तर फाईल पोहोचते पण अक्षरे पोहोचत नाहीत. मराठीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. बंगालीतील ‘खंड त’ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले. असा मजकूर युनिकोडात पालटून, निदान फाँट अंतर्भूत केलेल्या पीडीएफच्या रूपाने द्यावा.

पुष्पिकेसाठी यंत्रज्ञानाची गरज नाही. छायाचित्रांच्या मालिकेत पहिले चित्र मुखपृष्ठाचे, दुसरे ग्रंथालयाच्या शिक्क्याचे व दाखलअंकाचे असावे. फाईलच्या नावात ग्रंथ, स्थळ व वर्ष यावे. सोबत दोन ओळींत कोणी, कोठे, कोणत्या तारखेस टिपले आणि कोणती पाने वगळली ते लिहावे. पुढे देणाऱ्याने आपले नाव खाली जोडावे, आधीचे पुसू नये. चर्चासत्राच्या संयोजकांनी ही रीत कार्यक्रमपत्रिकेच्या मागे छापावी, फोन दृश्य कसा करावा तेही तेथेच सांगावे, आणि ज्यांच्या फोनांचे गोत्र जुळत नाही त्यांच्यासाठी नोंदवहीशेजारी एक पेन ड्राइव्ह ठेवावा.