रेंजची मेंबरशिप घ्यावी का?

परवा मोखाड्यात एका पालकाने विचारलं, "पोरीला नेमबाजी शिकायचीय. मुंबईच्या रेंजची मेंबरशिप घेऊ का?"

भाऊ, नका घेऊ. फी एकवेळ उसनवारी करून भराल. पण रायफल, छर्रे, एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी? आणि महिन्यातून दोनदा जाऊन नेम बसत नाही, सराव रोजचा लागतो.

कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे सरकारी क्रीडा प्रबोधिनीत घडला. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये त्यानं कांस्य जिंकलं. नेमकी त्याच दिवशी आपल्या पालघर जिल्ह्याला १० वर्षं झाली!

१० मीटर एअर रायफलला मैदान लागत नाही. लांब, बंदिस्त हॉल, टार्गेट, रायफली नि कोच. एका आश्रमशाळेत एवढं का होऊ नये? जव्हारच्या प्रकल्प कार्यालयात जाऊन हेच विचारा. पोरीलाही सोबत न्या.