विश्लेषण : सरकारी जहाजावरच्या खलाशाच्या हाती बंदूक का नसते? अहिल्यानगरच्या माजी सैनिकांशी याचा संबंध काय?

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. मग जहाजावरच्या बंदुकांची चर्चा इथे कशाला? कारण व्यापारी जहाजावर रायफल घेऊन उभा असलेला माणूस बहुतेक वेळा खलाशी नसतोच, तो माजी सैनिक असतो. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर ज्या शहरात आहे, तिथे लष्करातून निवृत्त झाल्यावर सिक्युरिटीची नोकरी धरणे हा रुळलेला मार्ग आहे. जहाजावरची ड्युटी हा त्यातलाच एक प्रकार. फक्त तिथे चूक झाली तर खटला कोणत्या देशात चालेल, हे आधी सांगता येत नाही.

अमेरिका खलाशांना बंदूक का देते?

अमेरिकी नौदलाला इंधन आणि रसद पुरवणारी मिलिटरी सीलिफ्ट कमांडची जहाजे नागरी खलाशी चालवतात. हे लोक सरकारी नोकर असतात, सैनिक नव्हेत. तरीही त्यांना पिस्तूल, शॉटगन आणि रायफल हाताळण्याचे प्रशिक्षण मिळते. जहाज सरकारचे, शस्त्र सरकारचे आणि हुकूमही सरकारचाच, त्यामुळे गोळी सुटली तर जबाबदार कोण, याचे उत्तर ठरलेले असते.

भारतात काय पद्धत आहे?

आपल्या नौदलाची दीपक, शक्ती, ज्योती, आदित्य ही इंधनपुरवठा जहाजे नौसैनिकच चालवतात, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियासारख्या सरकारी कंपनीच्या टँकरवर किंवा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘सिंधू साधना’सारख्या संशोधन जहाजावर. तिथले कर्मचारी नागरी असतात.

एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय करारानुसार खलाशांना सुरक्षेचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. संशयास्पद बोट ओळखणे, अलार्म देणे, जहाजाची झडती घेणे हे त्यात शिकवतात. नेमबाजी त्यात नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने तर खलाशांनी शस्त्र बाळगू नये, अशीच भूमिका घेतली आहे. ज्वलनशील माल असलेल्या टँकरवर गोळीबार म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. शिवाय समोरून बंदूक दिसली की चाचेही आधी गोळी झाडण्याची शक्यता वाढते.

त्याऐवजी खलाशांना लपायला शिकवतात. जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाजवळ ‘लीला नॉरफॉक’ जहाजावर चाचे चढल्याचा संदेश आला, तेव्हा १५ भारतीयांसह २१ जण जहाजातल्या मजबूत, बंद कप्प्यात जाऊन बसले. ‘आयएनएस चेन्नई’वरून मार्कोस कमांडो आले तेव्हा सगळे सुखरूप होते.

मग बंदूक कोणाकडे?

भारतीय नौदल ऑक्टोबर २००८ पासून एडनच्या आखातात गस्त घालते. ऑगस्ट २०११ मध्ये नौवहन महासंचालनालयाने व्यापारी जहाजांवर खासगी सशस्त्र रक्षक ठेवण्याची नियमावली काढली. म्हणजे खलाशाला बंदूक न देता बंदूकवाला बाहेरून आणायचा. पण यानेही सगळे प्रश्न सुटले नाहीत.

१५ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन टँकरवरून झालेल्या गोळीबारात केरळच्या किनाऱ्याजवळ दोन मच्छीमार ठार झाले. गोळ्या झाडणारे कच्चे गार्ड नव्हते, ते इटलीच्या नौदलातले प्रशिक्षित सैनिक होते. थोडक्यात, प्रशिक्षण कमी पडले असे म्हणता येत नाही. आंतरराष्ट्रीय लवादाने २०२० मध्ये सैनिकांना भारतीय खटल्यापासून संरक्षण दिले, मात्र भारताला भरपाईचा हक्क मान्य केला. १० कोटी रुपये जमा झाल्यावर जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केले. मच्छीमारांच्या घरच्यांना नऊ वर्षे थांबावे लागले.

त्या काळी जहाज उद्योगाने चाचेगिरीचा ‘अतिधोक्याचा पट्टा’ ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत, म्हणजे थेट आपल्या पश्चिम किनाऱ्याला भिडेल इतका ओढला होता. त्यामुळे सशस्त्र रक्षक असलेली जहाजे मासेमारीच्या भागातून जाऊ लागली. भारताने हा विषय लावून धरल्यावर डिसेंबर २०१५ पासून ही रेषा ६५ अंशांवर मागे गेली.

माजी सैनिकांसाठी धोका कुठे?

ऑक्टोबर २०१३ मध्ये तुतिकोरिनजवळ ‘सीमन गार्ड ओहायो’ हे जहाज पकडले गेले. त्यावर ३५ जण होते. खलाशी आणि सशस्त्र रक्षक मिळून त्यांत भारतीयही होते आणि ब्रिटिश माजी सैनिकही. जानेवारी २०१६ मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली, नोव्हेंबर २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले. रक्षकांपैकी कोणी एकही गोळी झाडली नव्हती. वाद होता तो शस्त्रांच्या परवानगीचा आणि जहाज नेमके कोणाच्या हद्दीत होते याचा.

कागदांचा हा प्रश्न फक्त समुद्रावरचा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये बनावट शस्त्र परवान्यांवर सुरक्षारक्षक म्हणून काम करत असल्याच्या आरोपावरून अहिल्यानगर पोलिसांनी जम्मू-काश्मीरमधील नऊ जणांना पकडले होते. जमिनीवर निदान पोलीस ठाणे तरी एकच असते. समुद्रात ध्वज एका देशाचा, कंपनी दुसऱ्याची, बंदर तिसऱ्याचे. आपल्या शस्त्र कायद्याखालचा परवाना परक्या बंदरात चालत नाही.

म्हणून ‘जहाजावर गार्ड पाहिजे’ असा व्हॉट्सॲप मेसेज आला तर पगाराआधी तीन गोष्टी विचाराव्यात. शस्त्र कोणाच्या नावावर आहे, जहाजाचा ध्वज कोणत्या देशाचा आहे आणि गोळी झाडण्याचा हुकूम कोण देणार, हे करारात लिहिलेले हवे. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट पोर्टलवर मोबाइलवरूनही पाहता येते.