कृत्रिम टंचाईचा नवा बाजार

जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरी ‘काउंटर-स्ट्राइक’ या संगणकीय खेळाची मोठी स्पर्धा झाली. स्पर्धेची आठवण म्हणून निघालेले एका बंदुकीचे रंगरूप लगोलग ६१ हजार डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३९ लाख रुपयांना विकले गेले. बंदूक खरी नव्हती. ती पडद्यावरची होती आणि विकला गेला तो तिच्यावरचा ‘ड्रॅगन लोअर’ नावाचा रंग. या रंगामुळे गोळी अधिक अचूक जात नाही, अधिक दूर जात नाही, खेळणाऱ्याचे कौशल्य तसूभरही वाढत नाही. जून २०२४ मध्ये तर अशाच एका निळसर छटेच्या रंगरूपाला दहा लाख डॉलरहून अधिक किंमत मिळाल्याचे वृत्त जगभर पसरले.

हे वाचून आमचे अनेक साथी हसतील आणि पान उलटतील. ज्या देशात शेतकऱ्याच्या कांद्याला भाव मिळत नाही तेथे श्रीमंत देशांतील पोरांच्या खेळण्यांची चर्चा कशाला, असा सवालही कोणी करील. सवाल रास्त आहे. परंतु भांडवलशाहीचे अंतरंग तिच्या गंभीर व्यवहारांपेक्षा कित्येकदा तिच्या खेळांतून अधिक उघडे पडते. शिवाय हा खेळ आता परका राहिलेला नाही. तालुक्याच्या गावातील मुलगासुद्धा भ्रमणध्वनीवरील ‘बीजीएमआय’सारख्या खेळात खरे रुपये मोजून आभासी नाणी घेतो आणि त्या नाण्यांनी नशिबाच्या पेट्या उघडतो. म्हणून या वस्तूंना एवढे मोल येते कोठून, हा प्रश्न नीट उलगडून पाहिला पाहिजे.

व्हॉल्व्ह ही वॉशिंग्टन राज्यातील कंपनी. ऑगस्ट २०१३ मध्ये तिने ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये शस्त्रांची ही रंगरूपे आणली, खेळणारे त्यांना ‘स्किन’ म्हणतात. खेळता खेळता बंद पेटी मिळते, पण ती उघडण्याची किल्ली कंपनीकडून सुमारे अडीच डॉलरला घ्यावी लागते. पेटीत काय निघेल ते नशिबावर. चीन सरकारने २०१७ पासून अशा पेट्यांतील शक्यता जाहीर करण्याचे बंधन घातले, तेव्हा आतला हिशेब जगाला कळला. शंभरातील सुमारे ऐंशी पेट्यांत सर्वांत सामान्य, निळ्या दर्जाची वस्तू निघते. सर्वांत दुर्मीळ वस्तू, म्हणजे सुरा किंवा हातमोजे, दहा हजार पेट्यांत अवघ्या २६ वेळा. सरासरीने पाहिले तर एका सुऱ्यासाठी ३८५ किल्ल्या, म्हणजे साडेनऊशेहून अधिक डॉलर. मिळालेली वस्तू कंपनीच्याच ‘स्टीम’ या बाजारात विकता येते. प्रत्येक विक्रीवर पंधरा टक्के दलाली कापली जाते आणि उरलेला पैसा कंपनीच्याच पाकिटात राहतो, बँकेत काढता येत नाही. पेटी उघडली तरी कंपनीचा फायदा, विकली तरी फायदा, आणि तीच वस्तू दहा हातांतून फिरली तर दहा वेळा फायदा.

आता मोलाचा प्रश्न. अर्थशास्त्राचा जुना आचार्य रिकार्डो याने १८१७ मध्येच काही वस्तूंना आपल्या श्रममूल्याच्या नियमातून वगळले होते. दुर्मीळ पुतळे, चित्रे, जुनी नाणी, विशिष्ट मळ्यातील मद्य यांची संख्या कितीही श्रम केले तरी वाढवता येत नाही. म्हणून त्यांची किंमत केवळ दुर्मीळतेवर आणि घेणाऱ्याच्या ऐपतीवर ठरते, असे तो म्हणतो. वरवर पाहता स्किन याच वर्गातील वाटते. परंतु एक मूलभूत फरक आहे. मेलेल्या चित्रकाराकडून नवे चित्र काढून घेता येत नाही. संगणकातील रंगाची दुसरी प्रत मात्र कळ दाबताच निघते. लाखावी प्रत काढण्यासही जवळजवळ काहीच श्रम लागत नाहीत. जी वस्तू विपुल होऊ शकते, किंबहुना स्वभावतः विपुलच आहे, तिला मुद्दाम विरळ ठेवले आहे. येथील दुर्मीळता निसर्गाची नाही, कारागिराच्या मर्यादेची नाही. ती हुकमाची आहे.

कृत्रिम टंचाई महाराष्ट्राला नवी नाही. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी लढ्यात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या याच टंचाईविरुद्ध. पण त्या साठेबाजाला निदान गोदाम तरी लागत असे, तेलाचे डबे लपवावे लागत आणि छापा पडला तर ते सापडत. या नव्या साठेबाजाला गोदामच लागत नाही. त्याने वस्तू निर्माणच करायची नाही, एवढे पुरते.

टंचाई हेच मोलाचे मूळ आहे, याचा पुरावा याच कंपनीच्या दुसऱ्या खेळाने दिला. ‘टीम फोर्ट्रेस २’मध्ये काही टोप्या अशाच दुर्मीळ मानल्या जात. जुलै २०१९ मध्ये एका तांत्रिक चुकीमुळे ठरावीक जुन्या पेट्यांतून त्या हमखास निघू लागल्या आणि पाहता पाहता भाव गडगडले. टोपीचा आकार तोच होता, रंग तोच होता, तिच्या सौंदर्यात रेसभरही उणेपणा आला नव्हता; फक्त ती इतरांच्याही डोक्यावर दिसू लागली होती. कंपनीने घाईघाईने चूक दुरुस्त केली आणि त्या पेट्यांतून निघालेल्या टोप्यांच्या देवघेवीवर निर्बंध घातले. विपुलता हीच या बाजारातील आपत्ती ठरते.

तथापि केवळ विरळपणाने भाव येत नाही. रस्त्यावरचा वेडावाकडा दगडही एकमेव असतो, त्याला कोणी विचारत नाही. विरळ वस्तू चारचौघांत दिसावी लागते आणि ती विरळ आहे हे पाहणाऱ्याला कळावे लागते. एकट्याने खेळायच्या खेळात असा रंग कोणी फुकटही घेणार नाही. व्हेब्लेनने १८९९ मध्ये रिकामटेकड्या वर्गाच्या दिखाऊ उपभोगाचे विश्लेषण केले, ते येथे अक्षरशः लागू पडते. ज्या वस्तूचा उपयोग शून्य, तीच प्रतिष्ठेची उत्तम खूण, कारण ती घेणाऱ्याने गरजेसाठी पैसा खर्च केलेला नाही हे सर्वांना दिसते. आणि ही प्रतिष्ठेची भूक आकाशातून पडलेली नाही. ज्या तरुणाला कारखान्यात, कचेरीत, घरी कोठेच मान नाही, त्याला रात्री दहा अनोळखी सोबत्यांत ओळख मिळते. ती भूक खरी आहे. कंपनीने तिला दर लावला आहे.

तिसरी गोष्ट वस्तूच्या कुळकथेची. ‘हाउल’ नावाच्या एका स्किनचे चित्र दुसऱ्या कलावंताच्या कलाकृतीवरून चोरलेले आहे, असे जून २०१४ मध्ये उघडकीस आले. कंपनीने ते पेटीतून काढले, चित्र बदलले आणि त्या वस्तूला ‘निषिद्ध माल’ असा स्वतंत्र दर्जा दिला. नवी प्रत निघणार नाही, हे कळताच तिचा भाव आकाशाला भिडला. त्याच वर्षी पोलंडमधील कातोविचे येथील स्पर्धेत ‘आयबायपॉवर’ या संघाच्या चिन्हाची चिकटचित्रे विकली गेली. पुढे संघाचे खेळाडू सामना ठरवून हरल्याचे उघड झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये त्यांच्यावर बंदी आली. आज त्या कलंकित संघाच्या चकाकत्या चिकटचित्राला हजारो डॉलर मोजले जातात. एका वस्तूमागे वाङ्मयचौर्य, दुसरीमागे जुगारी लबाडी; बाजाराच्या लेखी दोन्ही शोभेची लेणी. मार्क्सने १८६७ मध्ये वस्तुपूजेचा उलगडा केला तो हाच: माणसामाणसांतील संबंध वस्तूच्या अंगचा गुण म्हणून दिसू लागतात आणि लोक वस्तूपुढे हात जोडतात.

आणि चौथी गोष्ट, सर्वांत निर्णायक: उद्या कोणीतरी आपल्याहून अधिक देईल, ही आशा. स्किन विकता येते म्हटल्यावर ती शोभेची राहत नाही, सट्ट्याची होते. तिची झीज दशांशाच्या कितीतरी स्थळांपर्यंत मोजली जाते, छटांचे हजार नमुने क्रमांकाने ओळखले जातात, भावांचे आलेख निघतात. खेळणारे मागे पडतात आणि गुंतवणूकदार पुढे येतात.

या गुंतवणूकदारांना आपण मालक आहोत असे वाटते. परंतु कंपनीच्या करारात खेळणाऱ्याला मालकी नव्हे, केवळ वापराची परवानगी दिलेली आहे. याचा अर्थ काय, ते ऑक्टोबर २०२५ मध्ये कळले. पाच लाल दर्जाच्या वस्तू देऊन एक सुरा किंवा हातमोजे घेता येतील, असा एका ओळीचा बदल कंपनीने केला. सुऱ्यांचे भाव कोसळले, लाल वस्तूंचे वधारले. भावांवर नजर ठेवणाऱ्यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सहा अब्ज डॉलरच्या बाजारातील दीड-दोन अब्ज एक-दोन दिवसांत नाहीसे झाले. कोणाला विचारले नाही, दाद मागण्यास जागा नाही. टांकसाळ तीच, बाजार समिती तीच, दलाल तीच आणि न्यायाधीशही तीच. ग्रीसचे अर्थशास्त्रज्ञ यानिस वारूफाकिस २०१२ मध्ये याच कंपनीत अर्थतज्ज्ञ म्हणून होते; २०१५ मध्ये ते आपल्या देशाचे अर्थमंत्री झाले आणि पुढे त्यांनी आजच्या व्यवस्थेला तंत्रसरंजामशाही म्हटले. त्यांच्या सिद्धान्ताशी कोणाचे मतभेद असतील. परंतु कुळाने जमीन कसावी आणि हक्क मात्र जमीनदाराच्या मर्जीवर असावा, हे चित्र आमच्या वाचकांना अपरिचित नाही.

या मर्जीच्या बाजारात सर्वांत अधिक होरपळतात ती अल्पवयीन मुले. स्किनला पैशाचे मोल येताच तिची जुगारातील नाणी झाली. बाहेरच्या अड्ड्यांवर मुले बंदुकीचे रंग डावावर लावू लागली. २०१६ मध्ये असे दिसून आले, की अशा एका अड्ड्याची भरभरून जाहिरात करणारे दोन लोकप्रिय चित्रफीतकार स्वतःच त्याचे मालक होते आणि त्यांनी ते प्रेक्षकांना सांगितले नव्हते. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्याच्या जुगार आयोगाने व्हॉल्व्हला या व्यवहारांस पायबंद घालण्याचा आदेश दिला. २०१९ मध्ये तर कंपनीनेच कबूल केले, की बाजारात फिरणाऱ्या जवळजवळ सर्व किल्ल्यांमागे फसवणुकीचा पैसा असावा. त्यानंतर नव्या किल्ल्यांची फेरविक्री तिने बंद केली. गिरणगावात मटक्याने काय केले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या साखळीची प्रत्येक कडी ओळखू येईल. फरक एवढाच, की आकडा लावणारा निदान कमावता होता.

“कोणी जबरदस्ती केली आहे काय? स्वखुशीचा सौदा आहे,” असा यावर ठरलेला युक्तिवाद येतो. चौदा वर्षांच्या मुलाची स्वखुशी आणि त्याच्या मोहाचा अभ्यास करून पेटीचे चक्र सजवणाऱ्या कंपनीची स्वखुशी यांना एकाच तराजूत तोलणे ही फसवणूक आहे. दुसरा युक्तिवाद असा, की सरकारांना हे आवरणारच नाही. तेही खरे नाही. बेल्जियमने एप्रिल २०१८ मध्ये अशा पेट्या जुगार ठरवल्या आणि कंपनीला तेथे त्या उघडणे बंद करावे लागले. मात्र अर्धवट नियम कसा वळवला जातो तेही पाहण्यासारखे आहे. फ्रान्समध्ये २०१९ पासून पेटीतील वस्तू आधी दाखवली जाते. पण ती घेतल्याशिवाय पुढच्या पेटीत डोकावता येत नाही. नशीब तेच, फक्त एक पाऊल पुढे सरकवलेले.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला आणि पैशाच्या डावांवर बंदी घातली. त्याचा भर उघड पैजांवर आहे. खेळाच्या पोटात दडलेल्या नशिबाच्या पेटीचा स्वतंत्र विचार करणे बाकी आहे. आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. अल्पवयीनांना अशी पेटी विकण्यास पूर्ण मनाई असावी. प्रौढांसाठी प्रत्येक वस्तूची शक्यता आणि सरासरी खर्च रुपयांत, मराठीसह सर्व भारतीय भाषांत, खरेदीपूर्वी दाखवला जावा. जेथे कंपनी वस्तूंच्या फेरविक्रीवर दलाली घेते तेथे तिला बाजाराची सर्व बंधने लागू व्हावीत. मर्जीने नियम बदलून ग्राहकाचे नुकसान केल्यास भरपाई द्यावी लागावी. आणि ज्या कलावंतांच्या कुंचल्यातून हे रंग उतरतात, त्यांना प्रत्येक फेरविक्रीत वाटा मिळावा.

कार्यकर्त्यांना एक विनंती. वस्तीत, वसतिगृहात, शाखेवर भेटणाऱ्या मुलांना या विषयावरून दरडावू नका. खेळणे हा गुन्हा नाही, सुंदर वस्तूची हौस हाही नाही. त्यांच्याजवळ बसा, पेटी उघडताना पाहा आणि हिशेब त्यांच्याकडूनच मांडून घ्या: किल्ली कितीची, सुरा किती पेट्यांमागे एक, दलाली कोणाला, दुसरी प्रत काढायला खर्च किती. मुले हुशार असतात; शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ती चटकन देतील. ज्या वस्तूची प्रत काढायला काहीच लागत नाही ती सर्वांना का मिळत नाही, हा प्रश्न एकदा त्यांच्या मनात रुजला की तो बंदुकीच्या रंगापाशी थांबणार नाही. औषधांच्या एकस्वापर्यंत, पुस्तकांच्या किमतीपर्यंत, रिकाम्या ठेवलेल्या घरांपर्यंत तो जाईल. तो तेथवर नेणे हे आपले काम आहे.