दातांचे नवे यंत्र आणि आमचे हुनर

दातांच्या धंद्यात सध्या जो बदल चालू आहे, त्याची दखल आमच्या कारागीर व व्यापारी बंधूंनी घेतली पाहिजे, असे आम्हाला वाटते. हा विषय डॉक्टरांचा, आपला काय संबंध, असे म्हणून पान उलटू नये. दाताची कॅप बनवणारा सहसा डॉक्टर नसतो, तो लॅबमध्ये बसलेला कारागीर असतो. मेण कोरणे, साच्यात धातू ओतणे, घासून चकाकी आणणे ही त्याची कामे. ज्या घरात सोनारकाम, नक्षीकाम किंवा ओतकाम चालते, त्या घराला ही कामे परकी नाहीत.

पूर्वी मसाला भरलेला ट्रे तोंडात दाबून माप घेत. आता लहानसा कॅमेरा दातांवरून फिरवतात आणि पडद्यावर जबड्याचा त्रिमिती नमुना उभा राहतो. ही कल्पना जुनी आहे. फ्रान्सचे फ्रान्स्वा ड्यूरे यांनी ती १९७३ साली आपल्या प्रबंधात मांडली. १९८५ साली झुरिक येथे मोरमान आणि ब्रान्देस्तिनी यांच्या यंत्रावर दाताचे भरण कोरून रुग्णाला बसवलेही गेले. मात्र तोवर यंत्र फक्त सांगितलेले कोरत होते. आता ते नमुना पाहून स्वतः ठरवू लागले आहे, आणि खरी गोष्ट इथे आहे.

पडद्यावरचा जबडा म्हणजे लहान लहान त्रिकोणांचे जाळे. एका जबड्यात लाखभर त्रिकोण सहज असतात. त्यातला कोणता त्रिकोण हिरडीचा, कोणता कोणत्या दाताचा, हे आधी ठरवावे लागते. त्याशिवाय कॅपही बनत नाही आणि वाकडे दात सरळ करण्याचा आराखडाही होत नाही. दातांना दोन आकडी क्रमांक असतात. वरच्या उजव्या बाजूचा पहिला दात ११, खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ ३६. यंत्राने प्रत्येक त्रिकोणावर बरोबर क्रमांक लावायचा, हे त्याचे पहिले इम्तिहान.

हे काम आधी माणसेच करीत. अमेरिकेत १९९७ साली स्थापन झालेल्या अलाइन या कंपनीने पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यांनी दात सरळ करण्याचा धंदा काढला, तेव्हा संगणकावर दात वेगळे करण्याचे काम लाहोरमधील शिकलेले तरुण करीत. सप्टेंबर २००१ च्या घटनांनंतर ते केंद्र बंद झाले आणि काम कोस्टा रिकाला गेले. त्या तरुणांच्या हाताला काही झाले नव्हते. त्यांचे काम फक्त पडद्यावरचे होते, म्हणून एका निर्णयात दुसऱ्या मुलुखात जाऊ शकले.

आता यंत्राची बारी आली आहे. २०२२ मध्ये सिंगापूरच्या परिषदेच्या निमित्ताने या कामाची जाहीर स्पर्धा झाली. तिच्यासाठी ९०० रुग्णांचे १,८०० नमुने जमवून त्यातील २३,९९९ दातांवर खुणा करून दिल्या होत्या. या कामात ट्युनिशियाच्या स्फॅक्स शहरातील संशोधन केंद्र पुढे होते. दातांवरच्या या खुणा माणसांच्या देखरेखीखालीच झाल्या. म्हणजे यंत्राचा उस्ताद माणूसच. फरक एवढाच, की उस्तादाला मेहनताना एकदा मिळतो आणि शागीर्द जन्मभर कमावतो, तेही दुसऱ्या मालकासाठी.

म्हणून यंत्राचा द्वेष करावा काय? आमचे मत तसे नाही. हातमागावरून यंत्रमागावर आलेल्या बिरादरीला हे सांगायला नको. माग यंत्राचा झाला तरी थान उलगडून तुटलेला धागा आणि डाग शोधणारी नजर बाजारात राहिलीच, आणि व्यापारी तिच्या भरवशावरच माल उचलतो. दातांतही तेच आहे. सर्वसाधारण जबडा यंत्र झटपट ओळखते. पण दात पडलेले असतील, एकावर एक चढलेले असतील किंवा अक्कलदाढ अर्धीच वर आली असेल, तिथे ते चुकते, कारण अशी उदाहरणे त्याने कमी पाहिलेली असतात. परदेशी तोंडांवर शिकलेले यंत्र सुपारीने झिजलेले आपल्याकडचे दात तितकेच बरोबर ओळखते की नाही, हे प्रत्येक लॅबने स्वतः तपासून घ्यावे. कॅपच्या काठाशी केसाएवढी फट राहिली, तर आत कीड लागते आणि दात जातो. तो दात कोणा मजुराचा असतो. त्याला दुसऱ्यांदा पैसे भरणे परवडत नाही.

यावरून आम्ही तीन गोष्टी सुचवितो. पहिली, मुलांना नुसते पडद्यावरचे काम शिकवू नये. मेण, पोर्सेलिन आणि झिरकोनिया हातात घेऊन काम कळले पाहिजे. झिरकोनिया भट्टीत भाजल्यावर सुमारे पाचवा हिस्सा आकसतो, हे ज्याने हाताने अनुभवले तोच यंत्राची चूक पकडील. १९४८ च्या डेंटिस्ट कायद्याने डेंटल मेकॅनिक हा नोंदणीचा व्यवसाय ठरवला. आमच्या मुलामुलींनी, विशेषतः ज्यांच्या घरात बारीक हातकाम आहे त्यांनी, या अभ्यासक्रमाची चौकशी जरूर करावी.

दुसरी, लॅबमध्ये साठणारे नमुने ही रुग्णाची अमानत आहे. कोणी सॉफ्टवेअर स्वस्तात देऊन त्या बदल्यात नमुने मागत असेल, तर रुग्णाच्या परवानगीशिवाय देऊ नयेत. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला आहेच, पण कायदा नसता तरी अमानतीत खयानत आम्हाला जायज नव्हती. देणेच असेल, तर मोबदला आणि वापर लेखी ठरवावा.

तिसरी, शेजाऱ्याने घेतले म्हणून कर्ज काढून यंत्र घेऊ नये. आधी दवाखाने बांधून घ्यावेत, महिन्याचे काम मोजावे, जमल्यास तीन-चार लॅबवाल्यांनी भागीदारीत एक यंत्र घ्यावे. व्याजाच्या बोजाखाली दबलेला कारागीर सदोष माल परत घ्यायला कचरतो, आणि तिथूनच त्याची साख जायला लागते.

यंत्राने बनवलेल्या कॅपवरही शेवटी लॅबचेच नाव असते. त्या नावासाठी माल बाहेर पाठवण्यापूर्वी एकदा भिंगाखाली धरून पाहणारा माणूस ठेवावा, आणि त्याला पगार चांगला द्यावा.