हिवाळ्याचा मुक्काम

कार्तिकी पौर्णिमा झाली की साधु-साध्वींचा चातुर्मास संपतो आणि विहार सुरू होतो. गृहस्थाच्या घरी याच सुमारास दिवाळीचा हंगाम आटोपलेला असतो, लाभपंचमीला नवी वही उघडून झालेली असते आणि पेढीवर मुले-नातू रुळलेले असतात. साठी-पासष्टी ओलांडलेल्या वडीलधाऱ्यांनी गादीवर बसणे आता गरजेचे उरलेले नसते. परंतु पेढीवाचून दिवस कसा घालवावा, हेही त्यांना ठाऊक नसते. चाळीस वर्षे जो माणूस दुकानाचे कुलूप उघडण्यासाठी उठला, त्याला ते कुलूप दुसरा उघडू लागला की आपण कशासाठी उठलो, असा प्रश्न पडतो. मग तो सवयीने पेढीवर जाऊन बसतो, मुलाने ठरवलेल्या भावात बोलतो आणि दोघांच्याही मनाला काच बसतो. घरातील थोरल्या बाईंची अवस्था निराळी नसते. त्यांची गादी स्वयंपाकघरात असते, इतकेच.

या अडचणीवर इतर देशांतील वृद्धांनी आपापल्या परीने एक तोड काढली आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्याच्या वाळवंटात क्वार्टझसाइट नावाचे दोन-अडीच हजार वस्तीचे गाव आहे. उत्तरेकडे बर्फ पडू लागले की तिकडची निवृत्त माणसे फिरत्या घरांच्या गाड्या घेऊन या गावाभोवतालच्या उन्हात उतरतात. तेथील सरकारी भूमीवर अशा दीर्घ मुक्कामासाठी १९८३ पासून जागा राखून ठेवलेल्या आहेत. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हा त्यांचा हंगाम असतो. ठराविक शुल्क भरावे, कायमचे बांधकाम करू नये, कचरा नेमून दिलेल्या जागीच टाकावा आणि मुदत संपली की जागा मोकळी करावी, असे नियम आहेत. तेथे कोण पूर्वी कारखानदार होता आणि कोण गाडीचालक, हे शेजाऱ्याला सहसा ठाऊक नसते. चाकाचे काम कोणाला येते आणि कोणाच्या शेगडीवर चहा ठेवला आहे, एवढी ओळख तेथे पुरते.

आपल्याकडे असा मुक्काम करायचा तर वाळवंट शोधण्याचे कारण नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर चिपळूण स्थानकापासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. एका लांब रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरे, घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांपलीकडे सुरूची झाडे आणि त्यापुढे पाच-सहा किलोमीटर लांबीचा सरळ वाळूचा किनारा, अशी या गावाची ठेवण आहे. गावात व्याडेश्वराचे पुरातन देवस्थान आहे. नामदार गोखले यांचे जन्मगाव कोतळूक याच तालुक्यात आहे. मार्गशीर्ष-पौषात येथील ऊन अंगाला सोसवते, पहाटे हलके पांघरूण पुरते आणि समुद्र शांत असतो. वाडीतील घरांत पाहुण्यांची घरगुती सोय होते. कांदा-लसूण आणि कंदमुळे नकोत, पाणी उकळून हवे आणि जेवण सूर्यास्तापूर्वी हवे, हे आधी सांगून ठेवले तर मुगाची खिचडी, कुळथाचे पिठले, ओले खोबरे आणि कोकमाचे सार यांवर महिना सुखाने जातो.

हिवाळ्यात गुहागरला येणारे प्रवासी केवळ पर्यटक नसतात. उत्तरेकडच्या थंड प्रदेशांतून कुरव पक्ष्यांचे थवे याच दिवसांत कोकणच्या किनाऱ्यावर येतात. हापूसच्या बागांची राखण करण्यासाठी नेपाळचे मजूर रत्नागिरी जिल्ह्यात दाखल होतात आणि फळ उतरेपर्यंत बागेतल्याच खोपटात राहतात. ज्याला आपण विश्रांतीचा मुक्काम म्हणतो, तो त्यांच्यासाठी पोटाचा मुक्काम असतो. बागेवरून जाताना त्यांच्याशी दोन शब्द बोलणाऱ्या वृद्धाला आपल्या आजोबांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. कारण परगावी जाऊन, भाड्याच्या खोलीत राहून दुकान उभे करणारी पिढी प्रत्येक व्यापारी घराण्यात होऊन गेलेली आहे.

या सर्व प्रवाशांत सर्वांत पुरातन म्हणजे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत त्यांच्या माद्या रात्रीच्या वेळी गुहागरच्या वाळूवर येतात, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू सारखी करतात आणि पुन्हा समुद्रात जातात. पिल्ले बाहेर येण्यास साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. त्यांतील किती प्रवास करून येतात, याचा एक पुरावा अलीकडे मिळाला. ओडिशातील गहिरमाथा किनाऱ्यावर २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला क्रमांकाची पट्टी लावली होती. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. हे अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे आहे. त्यापूर्वी फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रह-यंत्र लावून सोडलेली ‘बागेश्री’ नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगवेगळी असावीत, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला.

एके काळी कोकणात कासवांची अंडी सर्रास काढून नेली जात. वन्यजीव संरक्षण कायद्याने, १९७२ साली, त्यांच्या रक्षणाचा पाया घातला. पण प्रत्यक्ष वाळूवर काम सुरू झाले ते २००२ नंतर. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळास येथे गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे कार्य आरंभले, पुढे वन खाते आणि अनेक किनाऱ्यांवरील कासवमित्र त्यात सामील झाले. आता गुहागरलाही पहाटे किनारा तपासून घरट्यांतील अंडी कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात हलवली जातात आणि पिल्ले समुद्रात सोडली जातात.

येथेच पाहुण्याची कसोटी लागते. मादीला वर येण्यासाठी काळोख आणि शांतता हवी असते. वाळूवर दिवे, मोटारी किंवा गोंगाट असला तर ती अंडी न घालताच परत फिरते. पिल्ले उजळ क्षितिजाच्या दिशेने चालतात. रात्री समुद्राचे पाणी जमिनीपेक्षा उजळ दिसते, म्हणून त्यांना वाट सापडते. पण मागे निवासांचे दिवे झगमगत असतील तर ती उलट दिशेने जातात आणि सकाळच्या उन्हात किंवा कुत्र्यांच्या तोंडी संपतात. म्हणजे रात्री उशिरापर्यंत किनाऱ्यावर दिवे लावून चालणारी जेवणावळ एका मुक्या जिवाचा मार्ग चुकवू शकते. सूर्यास्तापूर्वी ताट उचलणाऱ्या कुटुंबाला हा नियम पाळणे जड जाऊ नये. जी सवय आपण व्रत म्हणून सांभाळली, ती या किनाऱ्यावर शेजारधर्म ठरते.

मात्र दयेची सवयही येथे तपासून घ्यावी लागते. दिसेल त्या कुत्र्याला पोळी घालणे हे आपल्या घरांत पुण्यकर्म मानले जाते. परंतु वाळूवर अन्न टाकले की कुत्र्यांचा तेथे वावर वाढतो, आणि तीच कुत्री रात्री घरटी उकरतात. फेरीबोटीतून कुरवांना शेव-गाठी फेकण्याचेही तसेच. तळलेले, खारट खाणे हा त्यांचा आहार नव्हे. जीवदयेबरोबर यतना, म्हणजे कृतीपूर्वीची सावधता, का सांगितली आहे, ते अशा ठिकाणी नीट उमगते. कुत्र्याला पोळी घालायचीच असेल तर ती गावात, घराच्या अंगणात घालावी.

वडीलधाऱ्यांना अशा मुक्कामाला पाठवताना मुलांनीही दोन गोष्टी पाळाव्यात. रोजच्या खरेदी-विक्रीचा हिशेब फोनवर विचारू नये आणि सांगूही नये. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी बोलावे. दुसरे, त्यांना एकटे पाठवू नये. समवयस्क दोन-तीन जोडपी बरोबर असली की सकाळचे चालणे, सामायिक, वाचन आणि दुपारची झोप यांना आपोआप शिस्त लागते, औषधाची वेळ चुकत नाही आणि एखाद्याला बरे वाटेनासे झाले तर गाडी बोलावणारा माणूस जवळ असतो. तपासणीचे कागद व महिन्याची औषधे घरूनच घ्यावीत.

निघण्यापूर्वी परतण्याची तारीख ठरवावी. साधूंच्या एका ठिकाणच्या वास्तव्यालाही शास्त्राने मासकल्पाची मर्यादा घातली आहे. कारण जागा अंगवळणी पडली की ममत्व जडते. दोन पिशव्यांत मावेल एवढ्या सामानावर महिनाभर निभावले, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला व्यापारी घरी येतो, तेव्हा पेढीवरचा कलह निम्मा कमी झालेला असतो. मुलाने महिनाभर दुकान सांभाळलेले असते, सुनेने स्वयंपाकघर. त्यांच्याकडे हिशेब मागण्याऐवजी किनाऱ्यावरची हकिगत सांगत वडील बसले, तर घरातील दोन्ही पिढ्यांनी हा हिवाळा कारणी लावला, असे म्हणता येईल.