परीक्षेनंतरचे शिक्षण

आमच्या ह्या वार्षिकात शालान्त परीक्षेचा निकाल छापलेला असतो, आणि पालक बहुधा तेच पान प्रथम उघडतात. त्यात वावगे काही नाही. परंतु निकाल वाचून अंक मिटताना कित्येकांच्या मनात अशी समजूत असते की, मुलाचे शिकणे आता बहुतेक संपत आले. पुढे एखादी पदवी घ्यावयाची, आणि मग शिकलेल्या विद्येवर जन्मभर पोट भरावयाचे, एवढेच काय ते उरले. डॉक्टरकीची परीक्षा उतरला म्हणजे डॉक्टर झाला, अध्यापनाचे प्रमाणपत्र हाती आले म्हणजे शिक्षक झाला, अशी ही समजूत होय. ती आम्हांस चुकीची वाटते. इतकेच नव्हे, तर तिच्यामुळे पुष्कळ चांगल्या मुलांचे नुकसान होते असे आमचे स्पष्ट मत आहे. मनुष्य आपल्या धंद्यात निष्णात होतो तो बहुतांशी धंद्याच्या जागीच. आणि तेथे तो शिकेल की नुसता राबेल, हे त्याच्या हुशारीपेक्षा त्या जागेच्या रीतीवर अधिक अवलंबून असते.

ह्याचे उदाहरण मराठी वाचकास दूर शोधावयास नको. ज्या निर्णयसागर छापखान्याची पंचांगे आणि संस्कृत ग्रंथ एके काळी देशभर प्रमाण मानले जात, त्याचे संस्थापक जावजी दादाजी (१८३९–१८९२) हे लहान वयातच मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यात अल्प वेतनावर कामास लागले. तेथे टॉमस ग्रॅहम ह्या कसबी गृहस्थांच्या हाताखाली देवनागरी खिळे तयार होत असत. जावजींकडे आलेले काम खिळे घासण्याचे. आजच्या एखाद्या पालकास हे ऐकून वाईट वाटेल, की मुलाला नुसते घासावयास बसविले! परंतु हे काम काय आहे ते पाहावे. साच्यातून निघालेल्या खिळ्यास धातूचे शेपूट आणि कडेस कोर राहते. ती काढून प्रत्येक खिळा चारही अंगांनी सारखा करावा लागतो. एखादा केसभर जाड राहिला तर ओळ फुगते, उंच राहिला तर कागदास टोचतो, ठेंगणा राहिला तर अक्षर पुसट उठते. त्यातून आपली देवनागरी लिपी म्हणजे काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे ह्यांचा मोठा प्रपंच. असे हजारो खिळे ज्या बोटांखालून गेले, त्या बोटांना चांगला खिळा कोणता आणि वाईट कोणता हे डोळ्यांच्या आधी कळू लागले असले पाहिजे. पुढे दुसऱ्या छापखान्यांतून अनुभव घेऊन जावजींनी १८६४ साली स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला, आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू ह्यांच्यासारखा अक्षरांचे ठसे कोरणारा कारागीर त्यांनी जोडीस घेतला. आरूंच्या कामाची पारख जावजींना होती ती कोठून आली, हे सांगावयास नको.

आता कोणी म्हणेल, ही गोष्ट एका असामान्य पुरुषाची झाली. तर सामान्य माणसांची पाहू. जीन लेव्ह नावाच्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ विदुषींनी १९७० नंतरच्या दशकात आफ्रिकेतील लायबेरिया देशातल्या शिंप्यांच्या दुकानांतून बसून उमेदवार कसे शिकतात ह्याचे निरीक्षण केले. एत्येन वेंगर ह्यांच्यासह त्यांनी १९९१ साली लिहिलेले ह्या विषयावरचे पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यांना असे आढळले की, कपडा ज्या क्रमाने तयार होतो त्याच्या उलट क्रमाने मुलगा शिकतो. कापड प्रथम कापतात, मग शिवतात, शेवटी गुंड्या लावून, काठ दुमडून इस्त्री करतात. मुलास मात्र आधी गुंड्या आणि काठ, नंतर शिवण, आणि सर्वांत शेवटी कापणी. आपल्याकडेही शिंप्याच्या दुकानात नवा मुलगा काज-बटणापासूनच सुरुवात करतो. त्यास कात्री लवकर मिळत नाही. ह्यात मोठे शहाणपण आहे. चुकलेला टाका उसवता येतो, चुकून कापलेले कापड सांधता येत नाही. शिवाय काठ दुमडता दुमडता पुरा झालेला सदरा रोज त्याच्या मांडीवर असतो. पुढे कापावयास बसेल तेव्हा ह्या तुकड्याचे शेवटी काय होणार आहे हे त्यास ठाऊक असते. हा क्रम कोणी पुस्तकात बसून ठरविला नाही. ज्या दुकानात शिकविण्याचा वेगळा तास नाही, तेथेही शिक्षणाची अशी मांडणी असू शकते, ही गोष्ट आम्हां शिक्षकांनी विचार करण्याजोगी आहे.

कापड बिघडले तर एक वार कापड जाते. जेथे मनुष्याचा देहच कामाची वस्तू आहे, तेथे काय करावे? प्रश्न खरोखर येथे कठीण होतो. रुग्णालयातील नव्या परिचारिकेचे उदाहरण घ्या. सलाइनची सुई शिरेत कशी घालावी हे तिने पुस्तकात वाचलेले असते, रबरी हातावर पुष्कळदा करूनही पाहिलेले असते. पण समोर सत्तरीची वृद्धा येते. कातडी सैल, शीर वर दिसते खरी, परंतु सुई लागताच बाजूस सरकते. अशा वेळी शेजारी उभी असलेली जुनी परिचारिका सांगते की, दिसणाऱ्या शिरेवर भुलू नये, बोटाने चाचपून जी भरीव आणि लवचीक लागेल ती घ्यावी, आणि खालची कातडी अंगठ्याने ताणून धरावी म्हणजे शीर जागेवर राहते. एवढे सांगणे अर्ध्या मिनिटाचे आहे. ते त्या क्षणी, त्या हातावर मिळाले म्हणजे जन्मभर पुरते. आणि ते सांगणारी कोणी शेजारी नसेल, तर तेच ज्ञान त्या मुलीस मिळेलही. पण त्याची किंमत चार-पाच म्हाताऱ्या माणसांच्या काळ्यानिळ्या पडलेल्या हातांनी मोजली जाईल.

परिचारिकांच्या ह्या प्रगतीविषयी पॅट्रिशिया बेनर ह्यांनी १९८४ साली एक मान्य ग्रंथ लिहिला. नवशिकी नियमाला धरून चालते. अनुभवी परिचारिकेस मात्र रोग्याची एकंदर स्थिती एकदम दिसते, आणि कित्येकदा यंत्रावरचे आकडे बिघडण्यापूर्वीच काही तरी बिनसत आहे असे तिला जाणवते. डॉ. विल्यम ऑस्लर ह्यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या दालनातून उठवून रोग्यांच्या खाटांशी नेले ते ह्याच विचाराने. आणि आपल्या देशातही एम.बी.बी.एस.ची परीक्षा उतरल्यावर रुग्णालयात एक वर्ष काम केल्यावाचून डॉक्टरास स्वतंत्र व्यवसायाची मोकळीक मिळत नाही.

येथे एका भ्रमाविषयी बोलणे अवश्य आहे. अमुक गृहस्थ तीस वर्षे ह्या कामात आहेत, असे म्हटले की आपण माना डोलावतो. परंतु घाण्याचा बैलही दिवसभर चालतच असतो. केवळ वर्षे लोटल्याने कसब वाढत नाही. आपल्या कामाचे पुढे काय झाले हे ज्यास कळते, त्याचे वाढते. खिळे जुळविणाऱ्यास त्याची चूक त्याच दिवशी तपासलेल्या मुद्रितावर लाल शाईने परत मिळत असे. ज्या डॉक्टराने औषध देऊन रोगी घरी पाठविला, आणि तो बरा झाला की दुसरीकडे गेला हे ज्यास कधी समजले नाही, तो त्या रोग्यापासून काय शिकणार?

आमच्या स्वतःच्या व्यवसायाची स्थिती ह्या बाबतीत फार समाधानकारक आहे असे आम्हांस म्हणवत नाही. शिक्षक वर्गात जातो आणि दार लोटून घेतो. आत काय घडले हे मुलांना ठाऊक. शेजारच्या वर्गातील जाणत्या सहकाऱ्यास त्याचा पत्ता नसतो. तपासनीस येतात, पण त्या दिवशीचा पाठ हा निराळाच प्रकार असतो, हे मुलेसुद्धा जाणतात! जपानातील शाळांतून फार वर्षांपासून अशी चाल आहे की, काही शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, त्यांपैकी एक जण तो शिकवितो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलांकडे पाहतात, आणि मागाहून सर्व जण बसून चर्चा करतात. चर्चा शिक्षकाच्या गुणदोषांची नव्हे, तर मुले कोठे अडली ह्याची. आमच्याकडे हे व्हावयास पैसा लागत नाही; लागतो तो थोडा वेळ, आणि दुसऱ्याने पाहिले तर आपला मान जाईल ही भीती टाकण्याचे धैर्य.

खरा दोष, आमच्या मते, तरुणांपेक्षा वडीलधाऱ्यांकडे अधिक आहे. हातचे राखून शिकविण्याची आपली जुनी खोड अद्याप गेलेली नाही. नव्या मुलाने दोनदा विचारले की त्यास मठ्ठ ठरवावयाचे, न विचारता चुकला तर सर्वांदेखत झाडावयाचे, आणि उरलेल्या वेळी चहा आणावयास धाडावयाचे, अशी कार्यालये आणि कारखाने थोडी नाहीत. असल्या ठिकाणी मुलगा पहिल्याने काही शिकत असेल तर चूक झाकण्याची कला. ती एकदा अंगी मुरली म्हणजे दुसरे काही शिकणे कठीण.

त्यात आता एक नवी अडचण येत आहे. नवशिक्यास द्यावयाची बारीकसारीक कामे म्हणजे पत्राचा कच्चा मसुदा, हिशेबाची पहिली तपासणी, आराखड्याच्या किरकोळ दुरुस्त्या. ही कामे संगणक झपाट्याने करू लागला आहे. मालकास ह्यात बचत दिसते, आणि ती आहेही. परंतु खिळे घासण्याचे काम यंत्राने केले तर जावजींनी कोठे बसून शिकावे, हा प्रश्न शिल्लक राहतो. यंत्राचा मसुदा बरोबर की चूक हे सांगावयास जो जाणता मनुष्य लागतो, तो काही आयता जन्मत नाही. त्याने कधी काळी शंभर कच्चे मसुदे लिहून त्यांवर लाल शाई पाहिलेली असते. ज्या कचेऱ्या आज उमेदवार घेण्याचे थांबवतील, त्यांना काही वर्षांनी जाणती माणसे दुसऱ्यांकडे मागावी लागतील, आणि दुसऱ्यांनीही तेच केले असेल तर ती मिळणारही नाहीत. छोटी कामे मुद्दाम राखून ठेवावीत, त्यात थोडा वेळ आणि पैसा गेला तरी चालेल, असे आम्ही म्हणतो. ज्यांच्या हाती कारखाने आणि कार्यालये आहेत असे आमचे माजी विद्यार्थी हे वाचतील तर त्यांनी ह्याचा विचार करावा.

पालकांस एवढीच विनंती की, मुलाची पहिली नोकरी निवडताना वेतनाच्या आकड्याबरोबर आणखी एक चौकशी करावी: तेथे मुलाच्या शेजारी कोण बसणार, आणि त्याचे काम कोण तपासणार? दोन हजार रुपये कमी मिळाले पण जाणत्या माणसाशेजारची जागा मिळाली, तर तो सौदा तोट्याचा नव्हे. जी मुले तांत्रिक शिक्षण घेऊन कारखान्यात उमेदवारी करतील त्यांच्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. त्यान्वये उमेदवारास विद्यावेतन मिळते, आणि त्याच्या प्रगतीची नोंद मालकाने ठेवावयाची असते. विद्यावेतन वेळेवर मिळाले की नाही हे आपण विचारतोच. ती नोंदही एकदा मागून पाहावी, आणि तिच्यात सहा महिने एकच ओळ लिहिलेली आढळली, तर कारखान्यात जाऊन अधिकाऱ्यांस नम्रपणे कारण विचारावे.